चाक घरात, रस्ता बाहेर

आपाच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी चूक केली. रत्नागिरीहून मुंबई, मुंबईहून लंडन. पाय सुजून लोडासारखे झालेले. दाराशी चपला-बुटांच्या मांडणीला लागून एक काळी, जाडजूड, गुडघ्याएवढी पेटी उभी होती. वर उचलायला मूठ. भाच्याची प्रवासाची बॅग असेल असं समजून मी तिच्यावर टेकले आणि सँडलचे पट्टे सोडू लागले.

"अगं, त्याच्यावर बसू नको!" आपा स्वयंपाकघरातून ओरडली. सात वर्षांनी भेटणाऱ्या धाकट्या बहिणीला उद्देशून हे तिचे पहिले शब्द. सलाम आणि गळाभेट त्यानंतर.

ती बॅग नव्हती. ती गाडी होती. एका चाकाची, विजेवर चालणारी, हँडल नसलेली, सीट नसलेली गाडी. इलेक्ट्रिक युनिसायकल. मे महिन्याच्या सुट्टीतले पाच आठवडे मी त्या घरात राहिले. राणीचा राजवाडा आणि थेम्सवरचा पूल पाहून झाले, त्यांच्याबद्दल खूप जणांनी लिहिलं आहे. मला सांगायचं आहे ते या चाकाबद्दल आणि ज्या वस्तीत ते आणून ठेवलं होतं त्या वस्तीबद्दल.

आपाचं घर पूर्व लंडनमध्ये, न्यूहॅम भागात. कोकणातल्या मुसलमान घरांतून कुणी ना कुणी बोटीवर, आखातात, आफ्रिकेत नाहीतर विलायतेत असतोच. आमच्या घरातून आपा गेली. अप्टन पार्क स्टेशनच्या बाहेर पडलं की ग्रीन स्ट्रीट लागतो आणि माणूस गोंधळून जातो. सोन्याची दुकानं, शरारे, मिठाई, कढीपत्त्याच्या जुड्या, कच्च्या कैऱ्या. शेजारच्या क्वीन्स मार्केटमध्ये भाजीवाला मला बघून सरळ उर्दूत भाव सांगू लागला. वेस्ट हॅम क्लबचं फुटबॉल मैदान पूर्वी याच रस्त्याला होतं, 2016 मध्ये क्लब तिथून हलला. आता तिथे उंच इमारती आहेत. घरं मात्र बहुतेक जुनी, एकाला एक चिकटलेली, अरुंद जिन्याची. वर दोन-तीन खोल्या, खाली बैठक आणि स्वयंपाकघर, आणि पुढच्या दाराशी बोळासारखी जागा. त्या जागेची रुंदी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता चाक. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही, त्यामुळे मला समजलं तसं सांगते. लहानपणी आपण तळहातावर झाडू उभा धरायचो. झाडू पुढे कलला की हात पुढे न्यायचा, मागे कलला की मागे. हात झाडूच्या बुडाखाली पोचत राहिला तर झाडू पडत नाही. इथे झाडू म्हणजे आपण आणि हात म्हणजे चाक. चाकाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला एकेक पट्टी असते, तोंड पुढे करून उभं राहायचं. आतला सेन्सर सेकंदात कितीतरी वेळा तपासतो की माणूस किती कलला आहे, आणि मोटर चाकाला त्याच्या खाली नेते. पुढे कललात की गाडी चालली, मागे कललात की थांबली. वेगळा ब्रेक नाही, वेगळा ॲक्सिलरेटर नाही. डाव्या-उजव्या तोलाची जबाबदारी मात्र गाडी घेत नाही. ती सायकलसारखी आपली आपण सांभाळायची.

चीनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले शेन चेन यांनी 2011 च्या सुमारास सोलोव्हील या नावाने अशी गाडी बाजारात आणली. पुढे चीनमधल्या कारखान्यांनी हा धंदा उचलला आणि आज जगभर फिरणारी बहुतेक चाकं तिकडचीच. भाच्याचं चाक लहानांपैकी होतं. 16 इंची टायर, वजन 14 किलोच्या आसपास, बॅटरी 480 वॉट-अवर, वेग ताशी 30 किलोमीटरपर्यंत. त्याने ते जुनं, कुणाकडून तरी, 300 पौंडांना घेतलं होतं. मोठी चाकं तीस-पस्तीस किलोंची असतात आणि त्यांचा वेग ऐकून आपाने कानांवर हात ठेवले होते.

भाचा एकोणीस वर्षांचा. वायरमनचं काम शिकतो. बोलतो मराठी, पण वाक्याचं शेपूट नेहमी इंग्रजीत. पहिल्या रविवारी तो मला ग्रीनवेवर फिरायला घेऊन गेला. चाक घरीच ठेवून, पायी.

ग्रीनवे हा जमिनीपासून उंच बांधावरून जाणारा चालण्या-सायकलीचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना झुडपं, त्यांवर मे महिन्यात पांढऱ्या फुलांचे गुच्छ, खाली लोकांची परसं, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. पश्चिमेला ऑलिंपिकचं स्टेडियम दिसतं. अधूनमधून नाकाला रुमाल लावावा लागतो, कारण हा रस्ता चक्क गटारावर आहे. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी घाण झाली की पार्लमेंटमध्ये बसवेना. मग जोसेफ बॅझलजेट नावाच्या इंजिनियरने सगळ्या शहराची सांडपाण्याची व्यवस्था नव्याने बांधली. त्यातले मोठे नळ या बांधाच्या पोटातून अजूनही बेक्टनकडे वाहतात. वाटेत ॲबी मिल्सचं जुनं पंपघर लागतं, 1860 च्या दशकातलं. लांबून बघून मी भाच्याला विचारलं, हे कोणत्या पंथाचं चर्च? तो पोट धरून हसला.

तिथेच आमच्या शेजारून एक माणूस गेला. आवाज जवळजवळ नाही, नुसती सूं अशी हवा. डोक्याला हेल्मेट, हात मोकळे, पायांखाली एकच चाक. वळणावर तो किंचित कलला आणि पलीकडे नाहीसा झाला. खोटं का बोलू, सुंदर दिसत होता. घार पंख न हलवता वळते तसा.

"बघितलंस खाला?" भाचा म्हणाला, आणि मग खालच्या आवाजात, "पण इल्लीगल आहे."

त्याने मला कायदा समजावला आणि तो ऐकताना मला आमच्या शिक्षण खात्याच्या परिपत्रकांची आठवण झाली. ब्रिटनमध्ये ही गाडी विकायला परवानगी आहे. विकत घ्यायला आहे. घरात ठेवायला आहे. चालवायला मात्र फक्त खासगी जागेत, आणि तीही मालकाच्या परवानगीने. कायद्याच्या नजरेत ती मोटारगाडी आहे, म्हणून रस्त्यावर आणायची तर तिला नोंदणी हवी, विमा हवा, मोटारीसारखी बाकीची पूर्तता हवी. ते सगळं तिला मिळतच नाही, म्हणून रस्ता बंद. सायकलच्या वाटेवर मोटारगाडी चालत नाही, म्हणून तीही बंद. फुटपाथ बंद आहे तो तर 1835 च्या कायद्याने! त्या कायद्यात फुटपाथवर घोडा, गाढव, मेंढरं, डुकरं, गुरं आणि कसलीही गाडी आणायला मनाई आहे. 1835 म्हणजे राणी व्हिक्टोरिया गादीवर यायच्या आधीची गोष्ट. आपल्याकडे कंपनी सरकार होतं आणि मुंबई-ठाणे आगगाडी धावायला अजून अठरा वर्षं होती. त्या कायद्याच्या जाळ्यात शेन्झेनचं चाक अलगद सापडलं.

बरं, उचलून ट्रेनमध्ये न्यावं तर तेही नाही. 1 नोव्हेंबर 2021 ला डिस्ट्रिक्ट लाइनवर, म्हणजे आपाच्या घराजवळून जाणाऱ्या लाइनवरच, पार्सन्स ग्रीन स्टेशनात एका विजेच्या स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला. डबा धुराने भरला. त्यानंतर 13 डिसेंबर 2021 पासून लंडनच्या ट्यूब, बस, ट्राम सगळ्यांत खासगी इ-स्कूटर आणि ही एकचाकी दोन्ही न्यायला बंदी आली. दंड 1000 पौंडांपर्यंत.

"भाड्याच्या स्कूटर चालतात," भाचा तक्रारीच्या सुरात म्हणाला. "सरकारच्या ट्रायलमध्ये. त्याच बॅटऱ्या, तीच चाकं. त्यांना रस्ता आहे, आपल्याला नाही."

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दुकानात ठेवलेली, सरकारने कर घेतलेली वस्तू रस्त्यावर गुन्हा ठरते, हे मलाही विचित्रच वाटलं. मी तसं त्याला बोलूनही दाखवलं. बोलायला नको होतं, असं नंतर वाटलं.

मे अखेरीस लंडनमध्ये मगरिब नऊ वाजता होते आणि फजर तीनच्या सुमारास सुरू. इशा आटोपून झोपावं तोवर उठायची वेळ. त्यात माझ्या अंगातलं घड्याळ अजून रत्नागिरीचं. दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे नमाज पढून मी तशीच जानमाजवर बसले होते. चारचा सुमार असेल. खाली दार अगदी हलक्या हाताने ओढल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर आमचे चिरंजीव हेल्मेट घालून उभे, एका हाताने चाक मुठीत धरून ढकलत कोपऱ्यापर्यंत चालत गेले, आणि कोपऱ्यावर एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, की निघाले.

मी कुणाला उठवलं नाही. खाली जाऊन चहा टाकला आणि दाराकडे तोंड करून बसले.

तो परत आला तेव्हा पाच वाजून गेले होते. उजव्या हाताचा पंजा छातीशी धरलेला. मनगटाला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीवर इथून तिथपर्यंत ओरखडे, गुडघ्याशी पँट फाटलेली. मला पाहून तो दारातच थबकला.

"अम्मीला सांगू नको."

मी आधी हात पाहिला. बोटं हलत होती, सूज होती, हाड शाबूत दिसत होतं. पट्टी नसती तर मनगट गेलंच होतं. मग चहा दिला आणि म्हटलं, आता सांग.

झालं होतं ते असं. रात्री चार्जर लावून ठेवायची त्याची सवय, आणि झोपायला जाताना तो काढून ठेवायची आपाची सवय. बातम्यांत बॅटरीच्या आगी पाहून ती धास्तावलेली. त्या रात्रीही तिने प्लग काढला. पहाटे चाकात पावपेक्षा कमी चार्ज होता. याने ते मोबाइलवर पाहिलं, पण जवळच जायचंय म्हणून निघाला. गार हवेत बॅटरी आणखी ढिली पडते. परतताना बांधाच्या चढावर चाकाने शिट्टी वाजवली, पायाखालच्या पट्ट्या पुढून उचलून दाखवल्या. ही त्या गाडीची सांगायची पद्धत: मागे रेल, वेग कमी कर, माझ्यात ताकद उरली नाही. याने उलट पुढे रेटलं, चढ संपवून टाकू म्हणून. झाडू पुढे कलला आणि हात पोचला नाही. मोटरने सोडलं. हा तोंडावर पडला.

"आणि चाक?" मी विचारलं.

तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ते उतारावरून मागे गेलं. एक आजी होती, कुत्र्याला घेऊन. तिच्या बाजूने गेलं."

"किती बाजूने?"

त्याने दोन्ही हात समोर धरून अंतर दाखवलं. आमच्या शाळेतल्या बाकाच्या लांबीएवढंही नव्हतं.

चौदा किलोचं लोखंड-प्लास्टिक-बॅटरीचं गाठोडं उतारावरून एका म्हाताऱ्या बाईच्या पायांकडे गडगडत गेलं. ती बाई ओरडली नाही, उलट याच्याजवळ येऊन "ठीक आहेस ना बाळा" म्हणाली. ते त्याला जास्त लागलं होतं. हातापेक्षा.

सुट्टीवर आलेली असले तरी शिक्षक तो शिक्षकच. मी त्याला रागावले नाही, प्रश्न विचारले. त्या आजीला लागलं असतं तर तिच्या दवाखान्याचं कोण बघणार होतं? विमा तर नाहीच. पोलिसांनी धरलं असतं तर? त्याने स्वतःच सांगितलं, कारण ते त्याला तोंडपाठ होतं: विम्याशिवाय मोटारगाडी चालवली म्हणून 300 पौंड दंड, गाडी जप्त आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर सहा पॉइंट. दंड बरोबर चाकाच्या किमतीएवढा. पण खरी गोम त्या सहा पॉइंटांत होती. तिथे लायसन्स मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट पडले की लायसन्सच रद्द होतं. पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा रस्त्यावरची परीक्षा. त्याचं लायसन्स आठ महिन्यांचं होतं. सप्टेंबरपासून ज्या मालकाकडे तो पक्का लागणार होता, त्याची अटच होती की व्हॅन चालवता आली पाहिजे. दुल्हेभाईंचे डोळे मधुमेहाने अधू झालेले, रात्री ते गाडी चालवत नाहीत. म्हणजे घरातली गाडीही पुढे याच्याच हातात येणार.

"हे सगळं ठाऊक असून गेलास?"

"खाला, पहाटे कुणी नसतं. वीस मिनिटं. डोकं एकदम शांत होतं माझं. दिवसभर कुणीतरी सांगत असतं, हे कर, ते धर. त्यावर उभं राहिलं की कुणी सांगत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला दिवसातली वीस मिनिटं स्वतःची हवीत, यात चूक काय? माझ्या वर्गातली मुलं उन्हाळ्यात भरतीच्या वेळी जेटीवरून उड्या मारतात, तीही त्याचसाठी. पण ती आजी माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मी त्याला म्हटलं, "मी आपाला सांगणार नाही. तू सांगशील. जुम्म्यापर्यंत." तो मंगळवार होता.

ते तीन दिवस मला जड गेले. आपा हाताची सूज पाहून फुटबॉल खेळताना पडला असं समजून तेल चोळायची आणि मी गप्प बसायची. बहिणीच्या घरचं मीठ खाऊन तिच्यापासून लपवणं मला जमणारं नाही. बुधवारी रात्री तर जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या उतरले होते सांगायला, मग परत वर गेले. अमानत त्या पोराचीही होती.

त्याने गुरुवारी रात्री सांगितलं, जेवणं झाल्यावर, सगळ्यांसमोर. आजीसकट. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं आपा रडेल नाहीतर आरडाओरडा करेल. तिने फक्त विचारलं, "मी प्लग काढला म्हणून पडलास?"

"नाही. मी शिट्टी ऐकली नाही म्हणून पडलो," तो म्हणाला.

आपा उठली आणि दाराशी गेली. चाक मांडणीला लागून नेहमीच्या जागी उभं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग दुल्हेभाईंना म्हणाली, "इथून बाहेर पडायला दुसरं दार कुठे आहे हो? हे इथे पेटलं तर आपण वरच्या खोल्यांतून निघायचं कुठून?"

इतके दिवस मीही त्या बोळातून ये-जा करत होते, मला हे सुचलं नव्हतं. लंडनची अग्निशमन सेवा हेच सांगते, हे भाच्याने लगेच मोबाइलवर काढून दाखवलं: अशी बॅटरी बाहेर पडायच्या वाटेवर ठेवू नये, घरातली माणसं झोपलेली असताना चार्ज करू नये, ज्या गाडीचा चार्जर तोच वापरावा, पडझड झालेली बॅटरी तपासून घ्यावी. आपाचं प्लग काढणं बरोबरच होतं. जागा चुकली होती. त्याच रात्री परसातल्या पत्र्याच्या शेडमधून बागकामाची हत्यारं बाजूला करून चाकाला जागा झाली. पुढच्या रविवारी भाच्याने जाणत्या माणसाकडून बॅटरी तपासून आणली. दिवसा, कुणीतरी घरात जागं असताना, शेडमध्येच चार्ज करायचं असं ठरलं. नुसतं ठेवून द्यायचं असेल तर अर्ध्याच्या थोडं वर चार्ज ठेवावं, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं ठेवू नये, हेही मला त्या निमित्ताने कळलं. आपल्याकडे आता दारोदार विजेच्या स्कूटर आल्या आहेत. चाळींत आणि इमारतींत त्या बहुधा जिन्याखालीच चार्जिंगला लावलेल्या असतात. परत आल्यावर पहिलं काम म्हणून मी आमच्या इमारतीचा जिना पाहिला. तिथे दोन उभ्या होत्या.

रस्ता बंद झाला, मग चाकाचं करायचं काय? दुल्हेभाई फारसे बोलत नाहीत, पण तोड त्यांनीच काढली. बार्किंगच्या बाजूला त्यांच्या ओळखीच्या माणसाचं गोदाम आहे, चारी बाजूंनी भिंत, फाटक बंद, रविवारी आत कुणी नसतं. त्याला विचारलं, तो हो म्हणाला. ट्रेन नाही, बस नाही, म्हणून चाक मोटारीच्या डिकीत घालून न्यायचं.

आणि तिथे, वाचक बहिणींनो, मीही चढले.

आधी ओढणी काढून नीट गुंडाळून पिशवीत ठेवली. चाकाशेजारी लोंबणारं कापड म्हणजे संकट. हेल्मेट, मनगटाच्या पट्ट्या, गुडघ्याला गाद्या. डावा हात भिंतीला, उजवा भाच्याच्या खांद्याला. एक पाय पट्टीवर, पोटरी चाकाच्या अंगाला टेकलेली, दुसऱ्या पायाने जमिनीला ढकलत नुसतं पुढे-मागे. अर्धा तास एवढंच. मग दुसरा पाय उचलायचा. तो उचलताना जे वाटतं ते लिहून सांगता येत नाही. पायाखाली जिवंत काहीतरी आहे आणि ते आपल्या श्वासाबरोबर सरकतंय असं वाटतं. मी खाली बघितलं की चाक भिंतीकडे जायचं. भाचा ओरडायचा, "खाला, फाटकाकडे बघ! पायाकडे नको!" मुलांना पाठांतराच्या वेळी पुस्तकात बघू नका म्हणून मी किती वर्षं ओरडते आहे. फाटकाकडे बघितलं आणि खरंच, चाक सरळ चाललं.

सुटल्यावर मागे निसटू नये म्हणून चाकाच्या मुठीला त्याने पट्टा बांधला होता आणि पट्टा स्वतःच्या हातात धरला होता. हे त्याने कुणी न सांगता केलं. तिसऱ्या रविवारी मी भिंत सोडून बारा पावलं गेले. पावलं मी नाही मोजली, आपाने मोजली. ती खुर्ची टाकून बसली होती, तसबीह हातात, आणि माझ्यासाठी दुआ करत होती की हसत होती ते तोंडावरच्या ओढणीमुळे कळलं नाही.

भाचा मात्र त्या आवारात रमला नाही. चार भिंतींत गोल-गोल. पहिल्या रविवारी तासभर, दुसऱ्या रविवारी अर्धा, तिसऱ्या रविवारी मला शिकवण्यापुरता. ज्या वीस मिनिटांसाठी तो पहाटे उठत होता ती इथे नव्हती. त्याने एकदा मला विचारलं, "तू घेऊन जा ना खाला, गावी. तिकडे समुद्रावर चालव. तुमच्याकडे कुणी विचारत नाही."

कुणी विचारत नाही म्हणून करायचं का, हा वाद आम्ही मोटारीत घातला. पण तो वादही फुकट होता. विमानात प्रवाशाला 100 वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्या नेता येतात, विमान कंपनीने खास परवानगी दिली तर 160 पर्यंत. याची 480. बरोबर तिप्पट. त्यातून आमच्या गावच्या पाखाडीच्या जांभ्या पायऱ्या पाहिल्या असत्या तर चाकाने स्वतःच परवानगी नाकारली असती.

मी परत निघायच्या दोन दिवस आधी त्याने चाक विकायला काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. आपाला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. तिने त्या संध्याकाळी त्याच्यासाठी सांदणं केली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आपाचा फोन दर रविवारी येतो. भाचा सप्टेंबरमध्ये कामाला लागला, व्हॅन चालवतो. पहाटे लवकर उठून चालत ग्रीनवेवर जातो म्हणे. रोज नाही, पण जातो. चाक अजून शेडमध्येच आहे. आतापर्यंत चार गिऱ्हाइकं येऊन गेली.

"येतात, बघतात, आवडतं," आपा वैतागून सांगत होती. "मग हा त्यांना विचारतो, कुठे चालवणार? ते म्हणतात, स्टेशनपर्यंत, कामावर. की हा लगेच सुरू! रस्त्यावर चालत नाही, फुटपाथवर चालत नाही, ट्रेनमध्ये नेता येत नाही, एकदा पडलेलं आहे, चार्ज पावाखाली गेला की चढावर सोडतं. शेवटचा आला होता तो पैसे मोजत होता गं, हातात नोटा होत्या त्याच्या! ऐकून परत खिशात घातल्या आणि गेला. असं सांगून कुणी विकतं का काही?"

मी म्हटलं, "आपा, तो काय म्हणाला मग?"

"काय म्हणणार! शेडला कुलूप लावलं आणि म्हणाला, अम्मी, जेवायला काय आहे."